पैलवानाचा खुराक आणि माझा पायगुण

पैलवानाच्या घरात सून होऊन जाणं म्हणजे काय, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझं माहेर उंब्रजजवळचं. तिथं कुस्ती म्हणजे वडील जत्रेत बघून येतात आणि जेवताना सांगतात ती. सासर कडेगावकडचं. तिथं देवाच्या आधी तालमीतल्या लाल मातीला हात लागायचा. सासरे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, स्वतः जुने पैलवान आणि आता गावच्या तालमीचे वस्ताद. आमचे हे त्यांचे एकुलते चिरंजीव आणि त्या तालमीचा पहिला मल्ल. चैत्रातल्या जत्रेची शेवटची मोठी कुस्ती ह्यांचीच असायची. लग्न झालं तरी जत्रेची कुस्ती होईपर्यंत ह्यांनी तालमीतच झोपायचं, असा वस्तादांचा हुकूम होता. नवरा दोन वेळा जेवायला घरी यायचा, एवढीच आमची गाठ.

गावची रीत अशी, की जत्रेत गावाचं नाव राखणाऱ्या पैलवानाचा खुराक एकट्या घरानं करायचा नाही. ज्याच्या गोठ्यात दुभतं असेल त्यानं सकाळी तांब्याभर दूध आमच्या सोप्यात आणून ठेवायचं. कुणी लोण्याचा गोळा आणायचं, कुणी तूप, पेन्शनीतले लोक बदाम आणायचे. बहात्तरच्या दुष्काळातून गाव नुकतंच वर आलं होतं. ज्यांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढले, ती माणसं आपल्या पोरांच्या तोंडचं दूध पैलवानाला आणून द्यायची. त्या तांब्याला नको म्हणणं म्हणजे गावाचा अपमान करणं होतं, आणि आमच्या घरात ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

लग्न वैशाखात झालं. दिवाळी झाली आणि ह्यांचं अंग उतरायला लागलं. सकाळी उठले की अंग जड, सांधे दुखताहेत, ढेकर कालच्या जेवणाचे. दुपारी जेवले की बसल्या जागी डोळे मिटायचे. तालमीत कालपरवा लंगोट लावलेली पोरं ह्यांना खाली बसवायला लागली. ताटात भाकरी तशीच राहायची. वस्तादांनी निदान केलं, "खुराक कमी पडतोय." दूध वाढलं, बदाम वाढले, भातावर तूप एवढं यायचं की शितं दिसायची नाहीत. जेवढं वाढलं तेवढं अंग उतरलं.

मग गावानं दुसरं निदान केलं. माझी चुलत सासू शेजारच्या घरात राहायची. ती आमच्या दारात उभी राहून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरगं चांगलं पोलादासारखं हुतं. ही आली आन् वाळाय लागलं. पांढऱ्या पायाची हाय." नवरा तालमीत झोपतो, दूध गाव देतो, मेहनत वस्ताद घेतात, आणि पायगुण तेवढा माझा! माझ्या नाकावर राग असतो असं माहेरी सगळे म्हणायचे. तो राग मी चुलीत फुंकणीनं घालवायची. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण माझ्या हातचं पाणी ह्यांना देताना त्या मधे येऊन तांब्या आपल्या हातात घ्यायला लागल्या. ते मला चुलत सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. एक दिवस सोप्यातलं बोलणं कानावर आलं. जत्रेत पोरगं पडलं तर हिला माहेरी धाडायची आणि परत बोलवायची नाही, असं ठरत होतं. सासरे नाही म्हणाले नाहीत. रात्री रडले आणि सकाळी ठरवलं, की हे असंच होऊ द्यायचं नाही.

ह्यांना वैद्याकडे न्यायचं म्हणजे अवघड काम. पैलवान औषधाला गेला ही बातमी संध्याकाळच्या आत समोरच्या पैलवानाच्या गावात पोचते. म्हणून मी माझी युक्ती केली. संक्रांतीला हे मला माहेरी पोचवायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोट धरून आडवी झाले. आई घाबरली, आणि जावईबापू मला एसटीनं उंब्रजला वैद्यांकडे घेऊन गेले. एसटीत हे मला खिडकीकडची जागा देत होते, पाणी विचारत होते, आणि मी मनातल्या मनात देवाची माफी मागत होते.

वैद्य पन्नाशीचे, पुण्याला आयुर्वेद शिकून आलेले. दवाखान्यात बरण्या, एक खल आणि भिंतीला टेकलेला बाक. त्यांनी माझी नाडी धरली, डोळे मिटले, मग उघडले. म्हणाले, "पोरी, तुला भूक लागलीय. बाकी काही नाही. आता खरं सांग, कुणासाठी आली आहेस?" मी दाराकडे बघितलं. हे दारात उभे, संपूर्ण दार भरून. वैद्यांनी ह्यांना आत बोलावलं आणि जीभ काढायला सांगितली. जिभेवर पांढरा थर होता, कणकेचा हात फिरवल्यासारखा.

"आज सकाळी भूक लागली होती?" वैद्यांनी विचारलं.

ह्यांनी विचार केला. "येळ झाली की खातो."

"ते नाही विचारलं. भूक लागली होती का?"

"भूक..." हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघायला लागले. घरात एवढं अन्न, पण हा प्रश्न ह्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

मग त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की वात, पित्त, कफ म्हणजे काय. तोवर ते शब्द मी भांडणातच वापरले होते. वैद्य म्हणाले, तिन्ही प्रत्येकाच्या अंगात असतात आणि तिन्ही लागतात. वात हलवतो. श्वास, हातपाय, पोटातलं पुढं सरकणं ही त्याची कामं. पित्त शिजवतं, पचवतं. कफ बांधून ठेवतो, ओलावा देतो, बळ देतो. कुणात जन्मतः एक जास्त, कुणात दुसरं. ती त्या माणसाची प्रकृती, आणि ती बदलायची नसते, सांभाळायची असते. ह्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "हे बघ कफाचं माणूस. रुंद हाडं, शांत स्वभाव, झोप गाढ, चाल संथ. पैलवानाला उत्तम. पण अशा माणसाचा अग्नी आधीच मंद असतो." माझ्याकडे बघून, न विचारता, म्हणाले, "तुझ्यात पित्त आहे. भरपूर." त्यावर हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

अग्नी म्हणजे पोटातली पचवायची ताकद. वैद्यांचं सांगणं एवढंच, की माणूस खातो त्यावर जगत नाही, पचवतो त्यावर जगतो. थंडीत तर भूक कडकडून लागायला हवी, आणि ह्यांना थंडीतच लागत नव्हती. "चूल आहे," ते म्हणाले, "तिच्यात तोंडापर्यंत लाकडं कोंबली आहेत. जाळ नाही, नुसता धूर. आणि घरचे धूर बघून म्हणतात, जळण कमी पडलं." न पचलेलं अन्न अंगात साठतं, त्याला ते आम म्हणत. अंग जड, जीभ पांढरी, सांधे धरलेले, हा सगळा त्याचा खेळ.

औषध विचारलं तर म्हणाले, औषध मागून. आधी काही दिवस दूध, तूप, बदाम, गोड सगळं बंद. मुगाचं कढण, जुन्या तांदळाची पेज, वर जिरं आणि सुंठ. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून. तहान लागली की गरम पाणी. दुपारी जेवणाबरोबर ताक, पण लोणी पूर्ण काढलेलं. सकाळी उठल्यावर जीभ घासायची. अंगाला तिळाचं तेल तालमीत लावतातच, ते चालू ठेवायचं. मेहनत निम्मीच, कपाळाला घाम आला की थांबायचं. दिवसा झोपायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भूक लागल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि लागली तरी पोटाला थोडी जागा ठेवायची. भूक नीट जागी झाली की तूप परत सुरू करायचं, चमच्या-चमच्यानं. "तुपाचा काही दोष नाही," ते म्हणाले, "वेळ चुकली." शेवटी हेही म्हणाले, की महिन्यात उतार पडला नाही तर कराडला डॉक्टरांना दाखवायचं, माझ्याकडे येत बसायचं नाही. ते ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

हे मात्र हात जोडून उभे. "वैद्यबुवा, मुगाचं पाणी पिणारा पैलवान म्हणून माझी वरात काढतील. आन् आमचं वडील तर तालमीला कुलूप लावतील."

"न्हाई कळणार कुणाला," मी म्हणाले. "वाढणारी मी हाय."

परत आल्यावर माझं कामकाज सुरू झालं. पाण्याचा तांब्या आत्याबाई मधेच घेत असल्या, तरी चूल आणि वाढणं सुनेचंच होतं, म्हणून सगळं जमलं. आत्याबाईंनी दूध तापवून तांब्यात ओतलं की मी तो आतल्या खोलीत न्यायची, दूध गाडग्यात, तांब्यात गरम पाणी, आणि पदराखाली धरून सोप्यात. वस्ताद समोर बसून बघायचे. हे तांब्या तोंडाला लावायचे, घळाघळा प्यायचे, आणि मिशा पुसायचे. मिशा पुसायचं मीच शिकवलं होतं. "हां," वस्ताद म्हणायचे, "असा प्यायचा." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसायची. मुगाचं कढण आमटीच्या वाटीतून जायचं, आणि बदाम परत डब्यात.

पण गावचं दूध टाकून कसं द्यायचं? पोरांच्या तोंडचं दूध होतं ते. मी विरजण लावायची, पहाटे घर उठायच्या आधी घुसळायची, ताक ह्यांच्या जेवणाला, आणि लोणी कढवून तूप. ते तूप मडक्यात भरून आतल्या खोलीतल्या उतरंडीत ठेवायची, एकावर एक, खालून वर. उतरंडीत हुलगे, मटकी, तीळ असायचे. हळूहळू धान्य कमी आणि तूप जास्त झालं.

आणि ह्यांना भूक लागली. पहिल्यांदा कधी लागली ते मला पक्कं आठवतं. दुपारचं जेवण व्हायला अजून अवकाश होता आणि हे तालमीतून घरी आले, चुलीपाशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, पोटात आग पडलीया." किती आनंद झाला मला! माणसाला भूक लागल्याचा एवढा आनंद कुणाला कधी झाला नसेल. जीभ गुलाबी झाली होती. डोळ्यांखालची सूज उतरली होती. मी ज्वारीची भाकरी टाकली आणि तव्यावरून थेट ताटात दिली.

त्याच आठवड्यात आत्याबाईंना हुलगे हवे होते. त्यांनी उतरंड उतरवली. वरचं मडकं तूप. खालचं मडकं तूप. त्याच्या खालचंही तूप. मी परसात भांडी घासत होते. आतून आत्याबाईंची हाक आली ती अशी, की चुलत सासूही धावत आली.

"माझ्या पोराच्या तोंडचं तूप!" आत्याबाई म्हणाल्या. "म्हायेरी पाठवायला साठवतीस व्हय गं?"

"मी सांगत हुते," चुलत सासू म्हणाली. "बोलवा हिच्या बापाला. आजच्या आज."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. एवढे महिने झाकलेला राग सगळा बाहेर आला. "चोरायचं असतं तर तुमच्याच उतरंडीत ठेवलं असतं व्हय? उंब्रजची एसटी काय मला म्हाईत न्हाई? गावानं दिल्यालं एक थेंब तूप ह्या घराबाहेर गेलं असंल तर मला आत्ता बाहेर काढा. पण आधी तुमच्या पोराकडं बघा. डोळं उघडून बघा!"

सुनेनं असं बोलायचं नसतं त्या काळात. तेवढ्यात हे आले. काय चाललंय हे मडकी बघून त्यांना कळलं. ते बोलणारे नव्हेत. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आई, भाकरी वाढ. लय भूक लागलीया." आत्याबाईंनी वाढली. ह्यांनी ती संपवली आणि अजून मागितली. तीही संपवली, आणि अजून मागितली. मधे ढेकर नाही, टेकणं नाही, ताटात एक तुकडा नाही. आत्याबाई हातात भाकरी घेऊन तशाच बसून राहिल्या. ह्यांनी पाणी पिऊन सगळं सांगितलं: माझ्या खोट्या पोटदुखीपासून मुगाच्या कढणापर्यंत. "सगळं मला म्हाईत हुतं," म्हणाले. "तिला काय बोलू नका."

आत्याबाईंनी हातातली भाकरी टोपल्यात ठेवली. मग चुलत सासूला म्हणाल्या, "तुमच्या चुलीवर काय उतू गेल्याचा वास येतोय, बघा जावा. आन् ह्यातला शब्द भाईर जाऊ देऊ नका." ती गेली. आत्याबाई उठल्या, आणि ती सगळी तुपाची मडकी त्यांनी स्वतःच्या हातानं परत उतरंडीत रचली. वस्तादांना सांगायचं नाही, एवढंच मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कढणाची चव घेतली, नाक मुरडलं, आणि त्यात लसणाची फोडणी घातली. खरं सांगायचं तर त्यांचं कढण माझ्यापेक्षा चांगलं झालं.

फाल्गुनात वैद्यांना माझ्या भावाकडून निरोप पाठवला. त्यांनी सांगितलं, आता तूप सुरू करा. एक चमचा, पचला की दोन. मग मेहनतही वाढवा. उतरंड वरून खाली रिकामी होत गेली आणि ह्यांचं अंग भरत गेलं. तालमीत हे एकामागून एक पोरांना अस्मान दाखवायला लागले. वस्ताद मिशीला पीळ देऊन सोप्यात सांगायचे, "बघितलं? खुराक डबल केला, लागला अंगाला!" आत्याबाई आणि मी एकमेकींकडे बघायचो नाही. बघितलं असतं तर दोघींना हसू आवरलं नसतं.

जत्रेचा दिवस आला. समोरचा पैलवान कराडच्या बाजूचा, गेल्या वर्षी ह्यांच्याशी बरोबरीत सोडवलेला. सकाळी हे निघाले तेव्हा चुलत सासू दारात होती. "हिला आत घाला," ती म्हणाली. "पोरगा भाईर पडतोय, हिचं पाय आडवं नकोत." मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. एवढं केलं, एवढं सोसलं, आणि तरी आज मला आतच राहायचं होतं. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

कुस्तीच्या फडात बायका जात नसत. आम्ही माळवदावर चढून ऐकायचो. दिवस कलला तसे हलगीचे ठोके वाढले. मोठी कुस्ती लागल्याचं हलगीवरून कळलं. मग माणसांचा आवाज चढला, उतरला, परत चढला. कुस्ती लांबत होती. गेल्या वर्षी एवढ्या वेळात ह्यांचा दम सुटला होता, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. चुलत सासू पुटपुटत होती. आत्याबाईंनी माझा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट, की बांगड्या रुतत होत्या. मधेच सगळं शांत झालं. हलगीसुद्धा थांबली. मी डोळे मिटले. आता ह्या माळवदावरून उतरायचं ते माहेरच्या एसटीसाठी, असंच मला वाटलं.

आणि मग गर्जना झाली. आमच्या बाजूनं झाली! फडाच्या आमच्या अंगानं फेटे उडाले, ते माळवदावरून दिसले. हलगी जी सुटली ती थांबेना, आणि ती गावाकडे, आमच्याच गल्लीकडे यायला लागली. मागनं कळलं, की समोरच्या पैलवानाचा दम आधी गेला, आणि ह्यांनी घिस्सा डाव मारून त्याला आकाश दाखवलं. पण ते मागनं. तेव्हा मी माळवदाचा जिना कसा उतरले तेच आठवत नाही.

गल्ली माणसांनी भरली. हे खांद्यावर, गुलालात डोळेही दिसेनात. वस्ताद पुढं, फेटा सुटलेला, रडताहेत की हसताहेत कळत नव्हतं. दारात ह्यांना खाली उतरवलं. जिंकून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग आत घ्यायचं. चुलत सासूनं ताट पुढं केलं. आत्याबाईंनी कळशी उचलली, लेकाच्या पायावर पाणी घातलं. मी सवयीनं मागं, दाराच्या आडोशाला उभी होते. आत्याबाईंनी हात घालून मला बाहेर ओढलं, ह्यांच्या शेजारी उभं केलं, आणि कळशीतलं उरलेलं पाणी माझ्या पायावर ओतलं.

मी पाय मागं घेतले. सासूनं सुनेच्या पायावर पाणी घालायचं असतं होय!

"गप उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या. हलगी थांबली होती. सगळी गल्ली बघत होती, वस्तादही. आत्याबाईंनी कळशी पूर्ण उपडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका रं सगळ्यांनी. हे पाय ह्या घरात आलं म्हणून आज माझं पोरगं उभं हाय."